भाव सोन्याचा, मोल नाण्याचे

(जुन्या सुवर्णनाण्यांचा संग्रह आणि त्यांचे मूल्यांकन या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



१९४६ सालच्या फेब्रुवारी महिन्यातील ही घटना आहे. राजपुतान्यातील भरतपूर संस्थानात बयाना नावाचे एक प्राचीन गाव आहे. त्याच्या परिसरातील हुल्लनपुरा या खेड्याच्या शिवारात भरतपूरचे महाराज शिकारीसाठी आले होते. शिकार आटोपून लवाजमा परतला आणि गावची मुले रिकामी काडतुसे वेचण्यासाठी रानात शिरली. काडतुसे शोधता शोधता एका शेताच्या बांधात त्यांना तांब्याचे एक भांडे लागले. ते सोन्याच्या नाण्यांनी भरलेले होते.

ही नाणी गुप्त सम्राटांची होती. पंधराशे वर्षे ती त्या बांधात सुरक्षित राहिली होती. त्यांना खरा धोका उत्पन्न झाला तो ती उजेडात आल्यावर. भांड्यात सुमारे २,१०० नाणी असावीत. सरकारी यंत्रणेला वर्दी मिळून ती ताब्यात येईपर्यंत त्यांतील पावणेतीनशेच्या आसपास नाणी वितळून गेली होती. १,८२१ नाणी वाचली. गुप्तकालीन सुवर्णनाण्यांचा इतका मोठा निधी त्यापूर्वी कधीही अभ्यासकांच्या हाती आलेला नव्हता.

ज्या गावकऱ्यांनी ती नाणी आटवली, त्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु त्यांच्या दृष्टीने ते सोने होते आणि सोन्याची किंमत ठरवण्याचे एकच स्थान त्यांना ठाऊक होते, ते म्हणजे सोनाराचा तराजू. वास्तविक आजही सुशिक्षित घरांतून जुन्या नाण्याचा विचार याच तराजूने होतो. आजीच्या पेटीत एखादी मोहर सापडली की पहिला प्रश्न येतो, ‘किती ग्रॅम भरेल?’ हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे. या अपुऱ्या प्रश्नामुळे या देशाने काय गमावले आणि पुरा प्रश्न विचारला तर काय हाती लागते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

एका नाण्याची साक्ष

बयानाच्या निधीची शास्त्रशुद्ध सूची करण्याचे काम डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांच्याकडे आले. आळतेकर कोल्हापूरकडचे. काशी हिंदू विश्वविद्यालयात आणि पुढे पाटण्यात त्यांनी प्राचीन भारतीय इतिहासाचे अध्यापन केले. १९५४ साली त्यांनी सिद्ध केलेली बयाना निधीची सूची प्रसिद्ध झाली. त्या सूचीतील आकडे पाहण्यासारखे आहेत. पहिल्या चंद्रगुप्ताची १० नाणी, काच नावाच्या राजाची १६, समुद्रगुप्ताची १८३, दुसऱ्या चंद्रगुप्ताची म्हणजे विक्रमादित्याची ९८३, कुमारगुप्ताची ६२८ आणि स्कंदगुप्ताची म्हणून ओळखले गेलेले अवघे एक.

सराफाच्या दृष्टीने त्या एका नाण्याची किंमत इतर १,८२० नाण्यांइतकीच आहे. इतिहासकाराच्या दृष्टीने मात्र साऱ्या निधीची किल्ली त्या एका नाण्यात आहे. निधीत ज्या राजाचे नाणे सर्वांत शेवटचे, त्याच्या काळाच्या आगेमागे तो निधी पुरला गेला, असे अनुमान करता येते. कुमारगुप्ताची सहाशेहून अधिक नाणी आणि त्याच्या पुत्राचे केवळ एक, याचा अर्थ असा की, नवा राजा गादीवर येताच, इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या मध्याला, कोणीतरी हे धन घाईने जमिनीत पुरले. तो काळ अस्वस्थतेचा होता. हूणांचे संकट साम्राज्याच्या दाराशी येऊन ठेपले होते. धन पुरणारा ते उकरून काढण्यासाठी परत आला नाही, एवढे त्या भांड्यावरून निश्चित कळते. जी नाणी गावात वितळली, त्यांत स्कंदगुप्ताची आणखी किती होती, हे मात्र आता कधीही कळणार नाही. भांड्यातील ते एक नाणेही मुशीत गेले असते, तर निधी पुरल्याचा काळ ठरवण्याचा आधारच नाहीसा झाला असता.

आता ‘काच’ या राजाकडे पाहू. गुप्तांच्या कोणत्याही वंशावळीत त्याचे नाव नाही. शिलालेख त्याच्याविषयी मौन बाळगतात. तो ठाऊक आहे तो केवळ त्याच्या सुवर्णनाण्यांमुळे. त्या नाण्यांच्या मागील बाजूस ‘सर्वराजोच्छेत्ता’ असे बिरुद कोरले आहे. तो समुद्रगुप्तच की सिंहासनावर हक्क सांगणारा त्याचा भाऊ, याविषयी विद्वानांत आजही मतभेद आहेत. पण हा वाद घालता येतो, कारण ती नाणी शिल्लक आहेत.

पहिल्या चंद्रगुप्ताच्या नाण्यावर राजाबरोबर राणी कुमारदेवीची आकृती आणि तिचे नाव आहे. मागील बाजूस ‘लिच्छवयः’ असा लेख आहे. राणीच्या माहेरचा असा गौरव नाण्यावर करावा, यावरून लिच्छवींच्या संबंधाला गुप्तांच्या उदयात किती महत्त्व होते हे उमगते. रणांगण गाजवणारा समुद्रगुप्त एका नाण्यावर मांडीवर वीणा घेऊन बसलेला दिसतो, तर दुसऱ्यावर यूपासमोर अश्वमेधाचा घोडा उभा असतो. राजाला आपली ओळख लोकांपुढे कशी ठेवावीशी वाटत होती, हे त्याच्या नाण्याइतके स्पष्टपणे क्वचितच दुसरे साधन सांगते.

काही वेळा नाणे अनपेक्षित साक्षही देते. अकराव्या शतकात कलचुरी राजा गांगेयदेव याने एका बाजूला बसलेली लक्ष्मी आणि दुसऱ्या बाजूला नागरी अक्षरांत राजनाम, अशी सोन्याची नाणी पाडली. उत्तर भारतातील अनेक राजघराण्यांनी हा नमुना उचलला. बाराव्या शतकाच्या अखेरीस मुहम्मद घोरीने तो प्रदेश जिंकला, तेव्हा त्याच्या नावाची सोन्याची नाणीही लक्ष्मीची प्रतिमा आणि नागरी लेख घेऊनच निघाली. लोकांचा विश्वास ज्या रूपावर बसला होता, ते रूप विजेत्यालाही एकाएकी टाकता आले नाही. अकबराच्या कारकिर्दीच्या अखेरच्या काळात धनुर्धारी रामाची आणि सीतेची आकृती असलेली अर्धी मोहर निघाली. तिच्यावर नागरीत ‘राम सीय’ अशी अक्षरे आहेत. तिचे जगभरात दोन-चारच नमुने ज्ञात आहेत. अशा मोहरेतील सोने पाच-सहा ग्रॅमचे असते. तिचे मोल मात्र ग्रॅममध्ये सांगता येत नाही.

सोने हेच सुवर्णनाण्याचे वैरी

महाराष्ट्राला हा विषय अधिक जिव्हाळ्याचा आहे, तो शिवराई होनामुळे. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला आणि स्वतंत्र सार्वभौम राज्याची खूण म्हणून छत्रपतींचे नाणे निघाले. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, अशी नागरी अक्षरे, भोवती ठिपक्यांचे वर्तुळ, वजन तीन ग्रॅमहूनही थोडे कमी. ज्या काळी दख्खनेत फारसी लेखाच्या नाण्यांचा दबदबा होता, त्या काळी या छोट्याशा चकतीवर नागरी अक्षरे उमटली, ही गोष्ट सामान्य नव्हे.

याच लेखाच्या तांब्याच्या शिवराया पुढे दीर्घकाळ पाडल्या गेल्या आणि इंग्रजी अमलातही चलनात राहिल्या. आज जुन्या बाजारात तांब्याच्या शिवराया ढिगाने पाहावयास मिळतात. त्यावर लिहिलेले तेच, राजा तोच. मग होन इतका दुर्मिळ का? तांबे वितळवून कोणाला फारसा लाभ नव्हता, सोने वितळवून होता, हे त्याचे मोठे कारण आहे. सत्ता बदलली की जुने सोने नव्या टांकसाळीत जाई. घरात लग्नकार्य निघाले की होनाची बांगडी होई. दुष्काळ पडला की तो सावकाराकडे जाई आणि तेथून मुशीत. ज्या धातूमुळे नाण्याला मान मिळाला, त्याच धातूने त्याचा घात केला.

त्या काळी दख्खनेत सोन्याची किती विविध नाणी खेळत होती, याची कल्पना सभासद बखरीतील खजिन्याच्या यादीवरून येते. तिच्यात शिवराईबरोबर अच्युतराई, देवराई, कावेरीपाकी, धारवाडी, इब्राहिमी, पुतळ्या, मोहरा अशी नाण्यांची नावे येतात. यांतील अच्युतराई, देवराई ही नावे विजयनगरच्या राजांची आठवण जागवतात. ते साम्राज्य अस्तास गेल्यावर शंभर वर्षांनीही त्याचे नाणे मराठी राज्याच्या खजिन्यात मानाने नांदत होते. याचे कारण त्याचा कस.

या कसाविषयी शिवछत्रपतींची दृष्टी किती व्यावहारिक होती, याचा दाखला राज्याभिषेकाच्या वेळीच मिळतो. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडी आला होता. मुंबईत पाडलेले इंग्रजांचे नाणे महाराजांच्या मुलखात चालावे, अशी त्यांच्या तहाच्या मसुद्यात मागणी होती. यावर महाराजांच्या बाजूने उत्तर मिळाले त्याचा आशय असा की, नाणे वजनाने आणि कसाने इतर नाण्यांच्या तोडीचे असेल तर त्याला मनाई नाही, पण तोटा सोसून ते घ्या, अशी सक्ती प्रजेवर करता येणार नाही. राजाचा ठसा आणि धातूचा कस या दोहोंचे नाते या एका उत्तरात स्पष्ट झाले आहे.

तराजू जेथे थांबतो

मग जुन्या सुवर्णनाण्याचे मूल्यांकन करावयाचे कसे? त्याचा आरंभ तराजूपासूनच होतो. नाणकशास्त्र तराजूला नाकारत नाही, फक्त तेथे थांबत नाही.

पहिली पायरी वजनाची. प्रत्येक राजवटीचे वजनाचे एक मान असते. आरंभीच्या गुप्त सम्राटांचा दिनार साधारण पावणेआठ ग्रॅमचा, विजयनगरचा वराह सुमारे ३.४ ग्रॅमचा, व्हिक्टोरिया राणीची मोहर ११.६६ ग्रॅमची म्हणजे बरोबर एक तोळ्याची. या मानापासून नाणे फार ढळले तर ते झिजलेले, कातरलेले किंवा बनावट असण्याची शंका येते.

दुसरी पायरी शुद्धतेची. येथे नाण्यावर कानस चालवण्याची किंवा कसोटीवर ते घासण्याची गरज नाही. नाणे आधी हवेत आणि मग पाण्यात बुडवून तोलले की त्याचे विशिष्ट गुरुत्व काढता येते. शुद्ध सोन्याचे ते १९.३ येते, पितळेचे साडेआठच्या आसपास. क्ष-किरणांवर चालणारी यंत्रेही आता अनेक सराफी पेढ्यांवर आहेत. त्यांनी नाण्याला ओरखडाही न काढता पृष्ठभागावरील धातूचे प्रमाण कळते. मात्र जाड मुलामा असेल तर हे यंत्र फसू शकते, म्हणून विशिष्ट गुरुत्वाची जोड त्याला द्यावी.

केवळ वजनावर विसंबणे किती फसवे असते, याचे उदाहरण गुप्तांच्याच नाण्यांत आहे. स्कंदगुप्ताच्या काळापासून सुवर्णनाण्याचे वजन वाढून सव्वानऊ ग्रॅमच्या घरात गेले. वरवर पाहता राज्य अधिक संपन्न झाले असे वाटेल. परंतु पुढील काळातील नाण्यांची तपासणी केली असता वजन वाढत असताना सोने घटत गेल्याचे आढळले. अखेरच्या राजांच्या नाण्यांत ते निम्म्यापर्यंत उतरले. युद्धांनी खचलेल्या खजिन्याची ही कबुली कोणत्याही प्रशस्तीत कोरलेली नाही. ती धातूत आहे.

तिसरी पायरी ओळखीची. राजा कोण, टांकसाळ कोणती, साल कोणते, प्रकार कोणता? नाणे जितके जुने तितके मौल्यवान, ही समजूत साफ चुकीची आहे. बयानाच्या निधीत दुसऱ्या चंद्रगुप्ताची जी ९८३ नाणी होती, त्यांतील बहुसंख्य धनुर्धर प्रकारची होती. त्याच निधीत ‘चक्रविक्रम’ प्रकारचे नाणेही निघाले आणि ते अपूर्व ठरले. राजा एकच, धातू एकच, वजन जवळपास तेच. तरीही दोहोंच्या मोलात अंतर आहे, कारण एकाची भावंडे शेकड्यांनी आहेत आणि दुसरे जवळजवळ एकटे आहे.

चौथी पायरी अवस्थेची. ठसा मध्यावर बसला आहे की सरकला आहे, लेख पूर्ण वाचता येतो की नाही, झीज किती, ओरखडे किती, कडी डाकलेली आहे का? सोने गंजत नाही, पण ते मऊ असते. चिंच, लिंबू, रांगोळी किंवा पॉलिश लावून चकचकीत केलेल्या नाण्याचे मूळ अंग निघून जाते. जाणकाराच्या डोळ्याला ते तत्काळ कळते आणि किंमत खाली येते. नाणे स्वच्छ करण्याचा मोह न होणे, ही संग्राहकाची पहिली परीक्षा आहे.

पाचवी पायरी इतिवृत्ताची. नाणे कोठे सापडले, कोणाबरोबर सापडले, कोणाकडून कोणाकडे आले? नाशिकजवळ गोदाकाठी जोगळटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. ती क्षत्रप नहपानाची नाणी होती. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला होता. सातवाहनांनी क्षत्रपांचा पराभव केला, याचा इतका ठोस पुरावा दुसरा नाही. हा पुरावा सुट्या नाण्यात नव्हे, तर एकत्र राहिलेल्या साठ्यात होता. तो वाटून, विकून, विखरून गेला असता, तर दोन राजांच्या संघर्षाची ही कथा इतक्या निःसंदिग्धपणे सांगता आली नसती. म्हणून संग्राहकाने प्रत्येक नाण्याबरोबर एक चिठ्ठी ठेवावी. तीवर वजन, माप, मिळाल्याचे ठिकाण, तारीख आणि आधीच्या मालकाची माहिती लिहावी. चिठ्ठी हरवलेले नाणे अनाथ होते.

खणखणीत आणि खोटे

नाणे खणखणीत वाजते, पारखून घ्यावे लागते, नावाला बट्टा लागतो, हे सारे शब्दप्रयोग मराठीत नाण्यांच्या व्यवहारातून आले आहेत. झिजलेल्या वा हलक्या कसाच्या नाण्यावर जी सूट कापली जाई, तो बट्टा. पोतदार, सराफ, पारख ही आडनावे त्याच व्यवसायाची स्मृती आहेत. पारख हा ज्या समाजाच्या भाषेचा भाग आहे, त्याच समाजात आज खोट्या नाण्यांचा सुळसुळाट असावा, हे खेदजनक आहे.

‘खोदकामात गुप्तधन सापडले आहे, गाजावाजा नको, स्वस्तात देतो’, अशी बतावणी करणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या वृत्तपत्रांत वारंवार येतात. त्यांची रीत ठरलेली असते. आधी खऱ्या सोन्याचा एक नमुना देतात. सराफ तो खरा असल्याचे सांगतो, लोभ जागा होतो आणि मग लाखो रुपये मोजून घरी आणलेला गाठोड्यातील माल पितळेचा निघतो. फसलेला मनुष्य तक्रारही करू शकत नाही, कारण त्याचा स्वतःचा हेतूही स्वच्छ नसतो.

दुसरा प्रकार श्रद्धेच्या आड चालतो. रामदरबाराचे चित्र असलेल्या आणि ईस्ट इंडिया कंपनीचे नाव व जुने साल घातलेल्या चकत्या ‘चमत्कारी नाणे’ म्हणून विकल्या जातात. कंपनी सरकारने असे नाणे कधीही पाडले नाही. देवस्थानांच्या परिसरात यात्रेकरूंसाठी बनवल्या जाणाऱ्या रामटंका ही भाविकांची स्मरणवस्तू आहे आणि तेवढ्यापुरती ती आदरणीयच आहे. परंतु तिला प्राचीन राजाचे नाणे म्हणणे हा श्रद्धेचाही अपमान आणि इतिहासाचाही.

तिसरा प्रकार सर्वांत धोक्याचा, म्हणजे खऱ्या सोन्यात बनवलेले खोटे नाणे. येथे तराजू आणि यंत्र दोन्ही पास होतात. मूळ नाणे दोन ठशांच्या मध्ये घणाचा घाव घालून पाडलेले असते, नकल बहुधा साच्यात ओतलेली असते. भिंगाखाली ओतीव नाण्यावर बारीक छिद्रे, बोथट अक्षरे आणि कडेला सांध्याची रेघ दिसू शकते. एकाच ठशाची, एकाच ठिकाणी सरकलेली, एकसारख्या ओरखड्यांची दोन नाणी दिसली तर दोन्हींवर संशय घ्यावा. जहांगीराच्या राशिचक्राच्या मोहरा आणि शिवराई होन यांच्या नकला विपुल आहेत. कोणी सहजपणे होन विकावयास आणला, तर तो खोटा आहे असे धरूनच तपासणीस आरंभ करावा.

पेटीतली पुतळी

दुर्मिळ नाणी केवळ धनिकांच्या संग्रहात असतात, असा समज आहे. वास्तविक अनेक मराठी घरांत दोन-तीन पिढ्यांपूर्वीचे एखादे सुवर्णनाणे असते, फक्त ते दागिन्याच्या रूपात असते. पुतळ्यांची माळ सर्वांना परिचित आहे. ही पुतळी मुळात इटलीतील व्हेनिस नगरराज्याचे डुकाट हे नाणे. वजन साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शुद्ध. व्यापाराबरोबर ते अरबी समुद्र ओलांडून आले. त्यावरील मानवाकृतींमुळे येथे त्याचे नाव पुतळी पडले आणि ते सुवासिनीच्या गळ्यात विसावले. व्हेनिसचे प्रजासत्ताक १७९७ साली संपले. पुतळी मात्र महाराष्ट्राच्या माजघरात राहिली. मूळ नाण्यांच्या तुटवड्यामुळे येथील कारागिरांनीही तशा पुतळ्या घडवल्या. त्यांवरील लॅटिन अक्षरे केवळ नक्षीसारखी उमटलेली असतात. आजीच्या माळेत अस्सल व्हेनिसची पुतळी कोणती आणि येथली कोणती, हे भिंग घेऊन पाहणे हाही घरातल्या मुलांसाठी इतिहासाचा उत्तम पाठ होईल.

तीच गोष्ट गिनीची. घरोघरी जिला गिनी म्हणतात, ती बहुधा इंग्रजी सॉव्हरिन असते. वजन ७.९८८ ग्रॅम, बावीस कॅरट, म्हणजे शुद्ध सोने सुमारे ७.३२ ग्रॅम. ही नाणी प्रचंड संख्येने निघाल्यामुळे बहुतेकांना सोन्याहून फारशी अधिक किंमत येत नाही. परंतु पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ या एकाच वर्षी, मुंबईच्या टांकसाळीत सॉव्हरिन पाडले गेले. सालाच्या वरच्या बाजूस इंग्रजी ‘आय’ हे बारीक अक्षर, ही त्याची खूण. त्याच वर्षी मुंबईत पंधरा रुपयांचे सोन्याचे नाणेही निघाले. हे अक्षर आणि हे साल ज्याला ठाऊक नाही, त्याची गिनी मोडीत जाते. ज्याला ठाऊक आहे, तो ती जपून ठेवतो.

ज्या नाण्याला आधीच कडी डाकलेली आहे, त्याची कडी काढण्याचा खटाटोप करू नये. नाण्याला आणखी इजा होते आणि दागिना म्हणूनही त्याचे वेगळेपण जाते. ज्याला कडी नाही, त्याला ती लावू नये. एवढे दोन नियम पाळले तरी पुष्कळ काही वाचेल.

कायदा आणि त्याची उणीव

संग्राहकाला कायद्याची माहिती हवीच. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास सापडणाऱ्याने त्याची लेखी वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. वर्दी न देणे हा शिक्षेस पात्र गुन्हा आहे. १९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा १९७६ पासून अमलात आला. त्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते. ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही आणि अशा वस्तूंच्या व्यापारासाठी परवाना लागतो. परदेशी राहणाऱ्या मुलाला वा नातवाला भेट म्हणून जुनी मोहर देणाऱ्या आजी-आजोबांना हा नियम बहुधा ठाऊक नसतो.

तथापि १८७८ च्या कायद्यात एक मोठी उणीव आहे आणि तिचा संबंध थेट हुल्लनपुऱ्याच्या मुशीशी पोहोचतो. सरकारला असा निधी स्वतःकडे घ्यावयाचा असेल, तर हक्कदारांना द्यावयाची रक्कम कायद्याने ठरवून दिली आहे. ती म्हणजे त्या निधीतील वस्तूंच्या धातूची किंमत आणि तिचा एक पंचमांश अधिक. म्हणजे काचाचे नाणे असो वा समुद्रगुप्ताच्या अश्वमेधाचे, कायद्याच्या लेखी ते सोनेच. इतिहासाचे मोल त्याने वीस टक्क्यांवर आणून ठेवले आहे. ज्या सरकारचा कायदाच सोनाराच्या तराजूने तोलतो, त्याने शेतकऱ्याकडून वेगळ्या दृष्टीची अपेक्षा कशी करावी?

इंग्लंडमधील सफक परगण्यात १९९२ साली हरवलेला हातोडा शोधताना एका माणसाला रोमन काळातील सोन्या-चांदीच्या सुमारे १५ हजार नाण्यांचा साठा लागला. थोडे उकरताच त्याने हात आवरला आणि अधिकाऱ्यांना वर्दी दिली. पुरातत्त्वज्ञांनी साठा जागच्या जागी शास्त्रशुद्ध रीतीने उकरला. सापडणाऱ्याला १७.५ लाख पौंडांचे पारितोषिक मिळाले. ते त्याने शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. आज तो साठा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तेथील माणूस अधिक प्रामाणिक आणि येथील लोभी, असा याचा अर्थ नव्हे. तेथे प्रामाणिकपणाला बाजारभावाने मोबदला मिळतो आणि येथे तो तोट्याचा सौदा ठरतो. हा कायदा काळानुरूप बदलावा यासाठी लोकप्रतिनिधींकडे आग्रह धरणे, हे संस्कृतीविषयी आस्था बाळगणाऱ्या प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे.

मुशीपूर्वीचा एक प्रश्न

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. पण घरातील पेटीला त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मुंबईत रिझर्व्ह बँकेचे नाण्यांचे संग्रहालय आहे, नाशिकजवळ अंजनेरी येथे केवळ नाणकशास्त्राला वाहिलेली संशोधन संस्था आणि तिचे संग्रहालय आहे. मुलांना घेऊन तेथे एकदा जावे. समोर ठेवलेल्या नाण्यांनी त्यांच्या मनात जो इतिहास उभा राहील, तो पाठ्यपुस्तकातील तारखांनी राहणार नाही. संग्रहाला आरंभ करावयाचा तर तांब्याच्या शिवराईने करावा. ज्याला तांबे वाचता येते, त्यालाच पुढे सोने वाचता येते.

आणि कधी अडीअडचणीला घरातील जुने नाणे मोडण्याची वेळ आलीच, तर त्यात लाज बाळगण्यासारखे काही नाही. संकटातच उपयोगी पडावे म्हणून पूर्वजांनी ते ठेवले होते. फक्त ते मुशीत पडण्यापूर्वी त्याची दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढावीत, वजन लिहून ठेवावे आणि एखाद्या जाणकाराला एकच प्रश्न विचारावा, ‘हे कोणाचे आहे?’ कदाचित उत्तर मिळेल, ‘साधी गिनी आहे, खुशाल मोडा’. बहुतेक वेळा तेच मिळेल. पण हुल्लनपुऱ्यात पावणेतीनशे नाण्यांच्या बाबतीत हा प्रश्न कोणी विचारला नाही आणि त्यांवर कोणत्या राजांची नावे होती, हे आता कोणालाही सांगता येणार नाही.